हातावरचं मेण

शाळेत त्याला सगळे मेणबत्ती मास्तर म्हणत, आणि तेही तोंडावर. तो चित्रकलेचा शिक्षक. टेबलावरचा पेला, पेल्याशेजारचं सफरचंद आणि दोघांची सावली हे पोरांना शिकवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पण नाव झालं ते रविवारी घरी बसून काढलेल्या चित्रांमुळे. त्या चित्रांत कायम एक बाई असे, एक मेणबत्ती असे, आणि बाई काही ना काही काम करत असे. मोजे शिवणारी, वाटाणे सोलणारी, कपबश्या पुसणारी, चादरीची घडी घालणारी. बाकी सगळा अंधार.

ती बाई म्हणजे त्याची बायको, हे काही गुपित नव्हतं.

सुरुवात साधीच झाली होती. नवं नवं लग्न, एका संध्याकाळी वीज गेली, आणि ही मेणबत्ती लावून त्याच्या शर्टाचं बटण शिवत बसली. मास्तरने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने ते उतरवलं. ज्याने ज्याने ते पाहिलं त्याने ते पुन्हा हातात घेऊन पाहिलं. पुढे वस्तीतली वीज जायची बंद झाली, पण मास्तरच्या घरातली मेणबत्ती काही विझली नाही.

"बटण दाबलं की दिवा लागतो, आणि मी मेणबत्तीत भांडी पुसतेय," बायको म्हणे. "कुणी खिडकीतून बघितलं तर म्हणेल, मास्तर काय चिकट माणूस आहे!"

"अगं, हलू नकोस."

"तोंड हललं. मान नाही हलली."

ती थट्टेखोर होती, म्हणून इतकी वर्षं हे चाललं. एरवी ती सार्वजनिक वाचनालयात नोकरी करायची. सकाळी मास्तरच्या मागून घराला कुलूप लावायची, बस पकडायची, दिवसभर काउंटरवर बसून पुस्तकांवर शिक्के मारायची आणि उशिरा पुस्तकं आणणाऱ्यांना असं काही बोलायची की दंड भरतानाही माणूस हसे. यातलं काहीच मास्तरच्या चित्रांत नव्हतं. एकदा तीच म्हणाली होती, "मला तिथे येऊन काढा की. काउंटरवर खिडकीचा छान उजेड येतो."

"उजेड येतो म्हणूनच नको," मास्तर म्हणाला होता, आणि दोघंही हसले होते. तेव्हा ते विनोदी वाटलं होतं.

घरातली कामं तीच करी. मास्तर ती काढी. आणि प्रदर्शनात लोक एकमेकांना म्हणत, "बाईच्या कष्टांची काय जाण आहे हो या माणसाला!" असं कुणी म्हटलं की मास्तर मान थोडी तिरकी करून, नम्रपणे हसे. त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

मग एका मोठ्या कलादालनाच्या संचालिका घरी आल्या. सगळे त्यांना नुसतंच बाई म्हणत. बाईंनी भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं एकेक करून पाहिली आणि सांगितलं की या सगळ्यांचं मिळून एक प्रदर्शन करू. "पण एक नवं हवं. मोठं. दारातून आत आलेल्या माणसाचे पाय जागच्या जागी थांबले पाहिजेत."

मास्तरचं डोकं तेव्हापासून त्यातच. आजवर त्याच्या सगळ्या मेणबत्त्या टेबलावर नाहीतर खिडकीत असत. या वेळी मेणबत्ती चित्रातल्या बाईच्या हातात द्यायची, असं त्याने ठरवलं. बाई कपाट उघडून उभी आहे, एका हातात मेणबत्ती आहे, दुसऱ्या हाताने घड्या केलेल्या कपड्यांत काहीतरी शोधते आहे. एवढंच. त्याने मुद्दाम जाड मेणबत्ती आणली, ज्योत मोठी यावी म्हणून.

"ही मेणबत्ती आहे का मुसळ?" बायको म्हणाली.

एका रविवारी चेहरा आणि कपाट झालं. पुढच्या रविवारी हात. दुपारची जेवणं उरकल्यावर मास्तरने जाड पडदे ओढले, कपाटाचं दार उघडं केलं, मेणबत्ती पेटवून तिच्या हातात दिली.

"खाली बशी धरू का?" तिने विचारलं. "मेण सांडेल."

"नको नको, बशी आली की बोटं झाकतात. सगळं त्या बोटांतच तर आहे."

तिने मेणबत्ती मुठीत धरली. मास्तर ईझलमागे गेला. त्या दिवशी काम सुरुवातीपासून लागलं. बोटांच्या फटींतून येणारा तांबडा उजेड, नखांवरची चमक, मनगटाची बारीक शीर, सगळं जसं हवं तसं उतरत होतं. खोलीत ब्रशचा तेवढा आवाज. ज्योतीखाली मेणाचं तळं भरत चाललं होतं. मग तळ्याची कड एका बाजूने खचली आणि मेण भळकन ओघळलं. मेणबत्तीच्या अंगावरून आलं ते थेट तिच्या अंगठ्याच्या मागे, हाताच्या पाठीवर जाऊन थांबलं.

मास्तरने ते पाहिलं. पुढे त्याने ही गोष्ट मनाशी नाना तऱ्हांनी घोळवली, पण या एका ठिकाणी त्याला स्वतःला फसवता आलं नाही. त्याने पाहिलं. मेण आधी पाण्यासारखं नितळ होतं आणि त्यात ज्योतीचा एक बारकासा तुकडा लखलखत होता. तिचा हात हलला नाही, खांदा तेवढा कानाकडे गेला. मान न वळवता तिने डोळे त्याच्याकडे वळवले. दोघांची नजरानजर झाली.

आणि मास्तर म्हणाला, "एक मिनिट. तशीच राहा."

मेण लगेच पांढरं पडतं. त्याला ते नितळ असतानाच हवं होतं. त्याने पांढऱ्यात कणभर पिवळा कालवला, कडेला तांबूस घेतला. तेवढ्यात दुसरा ओघळ आला आणि पहिल्याच्या अंगावरून पुढे गेला. त्याने तोही घेतला. कित्येक वर्षांत त्याचा हात इतका मोकळा, इतका बिनचूक चालला नव्हता. त्याला आनंद झाला होता. नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या आनंदाची.

बायकोने मेणबत्ती टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ येत राहिला.

मास्तर मागोमाग गेला, हातात ब्रश तसाच. "अगं, सांगायचं नाही का?"

ती धारेखालच्या हाताकडे बघत होती. "तुम्ही बघत होता की," ती म्हणाली.

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. दूध संपलंय म्हणून सांगावं तशी ती म्हणाली. मास्तर मलम शोधायला धावला. घरात मलम कुठे असतं तेही त्याला ठाऊक नव्हतं. "डाव्या खणात," ती आतूनच म्हणाली.

फोड आला, फुटला, खपली धरली. ती पट्टी बांधून वाचनालयात जात राहिली. चित्र मास्तरने आठवणीवर पुरं केलं. तिला पुन्हा उभं राहा म्हणायची त्याची छाती झाली नाही, आणि तिनेही विचारलं नाही. जेवताना तो ताटात बघून जेवे. तिची थट्टा बंद झाली असं नाही, पण आता ती शेजारणीशी, फोनवर बहिणीशी चाले. त्याच्या वाट्याला भाजीत मीठ पुरे का, किल्ली घेतली का, एवढंच येई.

उद्घाटनाला दालन भरलं होतं. मोठं चित्र दारासमोर लावलं होतं आणि बाईंनी त्याला नाव दिलं होतं, 'समर्पण'. लोकांचे पाय खरंच थांबत होते. पहिल्या रांगेत मास्तरची बायको आणि तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण. ही मेहुणी म्हणजे तोंडाची फटकळ, पण बहिणीवर जीव टाकणारी. ती खास प्रवास करून आली होती.

भाषणाला एक नावाजलेले समीक्षक उभे राहिले. आवाज गोड, हात सारखे हवेत. ते म्हणाले, घरकामाच्या चित्रांत मेणबत्ती ही नुसती मेणबत्ती नसते. ज्योत म्हणजे त्या बाईचं मन, ते कामात असूनही वर बघत असतं. मेण म्हणजे तिची काया, ती दुसऱ्यांसाठी झिजते. आणि भोवतालचा अंधार म्हणजे आपण सगळे, कारण तिच्याकडे बघायला आपल्याला सवड नसते. "जिचं पाऊल कधी चार भिंतींबाहेर पडलं नाही, अशा स्त्रीचं हे मौन आहे!"

वाचनालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या त्या स्त्रीने मान खाली घातली. तिला हसू आलंय हे मास्तरला मंचावरून कळलं. एरवी त्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले असते.

"आणि तो थेंब!" समीक्षकांनी चित्राकडे हात केला. "हातावर सांडलेलं ते मेण पाहा. जे अश्रू ती स्वतः ढाळत नाही, ते मेणबत्ती तिच्या हातावर ढाळते आहे." टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी माइक मास्तरपुढे धरला. "सगळ्यांच्या वतीने विचारतो. हा थेंब सुचला कसा तुम्हाला?"

मास्तरने समोर पाहिलं. बायकोने डावा हात मांडीवर ठेवून त्यावर उजवा झाकून धरला होता. ती त्याच्याकडेच बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त वाट बघितल्यासारखं होतं. मास्तरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. ते ओठांपर्यंत आलेही असतील.

"काम करता करता सुचला," तो म्हणाला.

आता टाळ्यांचा कडकडाट झाला. आजूबाजूला सगळेच वाजवतात म्हणून बायकोनेही हात सुटे केले आणि टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या बहिणीची नजर त्या हातावर गेली.

मास्तर हार आणि पुष्पगुच्छ सांभाळत मंचावरून उतरून त्यांच्यापाशी आला, तोवर मेहुणीने ताईचा हात आपल्या हातात घेतला होता. अंगठ्यामागे काळपट, लांबट डाग. वरच्या टोकाला रुंद, खाली निमुळता.

"ताई, हे काय गं?"

"काही नाही. इस्त्री लागली."

"इस्त्री? तुझ्याकडे कपडे बाहेर जातात ना इस्त्रीला?"

"अगं, एखादा रुमाल करते घरी."

मेहुणीने चित्राकडे पाहिलं. मग हाताकडे. मग पुन्हा चित्राकडे, आणि शेवटी मास्तरकडे. चित्रातल्या हातावरचा ओघळ आणि हा डाग, दोन्ही एकाच लांबीचे, एकाच वळणाचे. ती फटकळ बाई, एरवी चारचौघांत वाभाडे काढायला मागेपुढे न बघणारी. पण बहिणीने तिचं बोट दाबून धरलं होतं.

"अभिनंदन हं, भाऊजी," ती म्हणाली. दारात आलेल्या परक्या माणसाला 'घरी कुणी नाही' म्हणून सांगतात, तो सूर होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. दालनाची फरशी चांगली मजबूत होती. मास्तरला तिच्यावरच उभं राहून आणखी कितीतरी लोकांशी हात मिळवावे लागले, आणि प्रत्येक जण त्याला त्या थेंबाबद्दलच सांगत होता.

परतताना टॅक्सीत पुष्पगुच्छ बायकोच्या मांडीवर होता. मास्तरने शेवटी धीर करून विचारलं, "तिला खरं का नाही सांगितलंस?"

"कार्यक्रम तुमचा होता." ती खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

त्या दिवसापासून मास्तरला आपल्याच घरात वावरायची चोरी झाली. त्याने भांडी घासायला घेतली. लख्ख ट्यूबलाइटखाली खरकट्या पातेल्याशी झटताना त्याला कळलं की या कामात बघण्यासारखं काहीच नाही. ते नुसतं संपवायचं असतं, आणि उद्या पुन्हा असतं. बायको मागे येऊन उभी राहिली. "ठेवा ते. कॅनव्हासवर हात फिरवावा तसा फिरवताय. तूप तसंच राहिलंय." तिने पातेलं काढून घेतलं. त्याने मग कपडे वाळत घालायला घेतले. तेही तिला पुन्हा झटकून घालावे लागले. तिचं काम दुप्पट करून ठेवलं म्हणताना तिने त्याला सरळच सांगितलं, "करायचं असेल तर शिकून करा, आणि जन्मभर करा. हे असं माफीसारखं नको."

त्यातच दालनातून फोन आला. नगरसभागृहासाठी 'समर्पण' निवडलं गेलं होतं. मुख्य जिन्यासमोरच्या भिंतीवर कायमचं लागणार. शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांची मागणी झाली. मास्तरच्या डोक्यात तो एकच शब्द राहिला. कायमचं म्हणजे आपण मेल्यावरही तो थेंब तिथे ओघळत राहणार.

त्याने ठरवलं की थेंब पुसायचा. खिशात रंगाची नळी आणि बारीक ब्रश घालून तो शाळा सुटल्यावर दालनात गेला. चित्र अजून तिथेच होतं. दालन रिकामं होतं. त्याने दोरी ओलांडली, चित्रापाशी गेला. जवळून पाहिलं तर थेंब म्हणजे चार फटकारे. हाताचा रंग कालवून वरून दिला की झालं. त्याने नळीचं टोपण काढलं. आणि हात पुढे जाईना. चित्रातलं सगळ्यात खरं ते तेवढंच होतं, हे त्याच्यातल्या चित्रकाराला दिसत होतं. या घटकेलाही आपल्याला तेच दिसतंय, याची त्याला शिसारी आली.

"मास्तर? काय करताय?" मागून बाईंचा आवाज आला.

मग त्याला सांगावंच लागलं. धड वाक्यं होत नव्हती. मेण सांडलं, तिने माझ्याकडे बघितलं, मी एक मिनिट म्हणालो. बाई ऐकता ऐकता बाकावर बसल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ चित्राकडे न बघता फरशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आणखी कुणाला सांगू नका."

"लोक तोंडात शेण घालतील, माहीत आहे मला. घालू देत."

"नाही घालणार हो. तेच तर." बाई उठल्या. "खरं मेण, खरा हात! हे बाहेर कळलं तर लोक रांगा लावून बघायला येतील. चार दिवस कुणी नावं ठेवील, पण चित्राचं नाव दुप्पट होईल, आणि तुमचंही. मी या धंद्यात आहे, मला ठाऊक आहे. तुम्हाला ते सोसणार नाही, म्हणून सांगते."

मास्तरने नळी खिशात टाकली. कबुली देऊन मोकळं होता येईल, एवढी एक वाट त्याने मनात राखून ठेवली होती. तीही आता आणखी टाळ्यांकडेच जात होती. घरी पोहोचेपर्यंत खिशात बिनटोपणाची नळी दाबली जाऊन विजारीवर पांढरा डाग फुटला होता आणि बसमधली माणसं त्याला वाट करून देत होती.

बायको अजून यायची होती. कपाटाच्या तळाशी ती जाड मेणबत्ती अर्धी उरली होती. त्याने पडदे ओढले, ती पेटवली, तळं भरू दिलं आणि आपल्या डाव्या हातावर कलती केली.

पहिल्या थेंबालाच तो ओरडला आणि मेणबत्ती टेबलावर आपटली. आपल्याला एक थेंबही सोसला नाही, हे बघून तो तसाच उभा राहिला. मग दात आवळून पुन्हा हात पुढे केला. एवढ्यात दार उघडलं.

बायको खांद्यावरची पिशवी न काढता बघत राहिली. अंधार केलेली खोली, पेटलेली मेणबत्ती, नवऱ्याचा पुढे धरलेला हात, विजारीवर पांढरा रंग.

"हे काय चाललंय?"

तिने पुढे येऊन फुंकर मारली, पडदे सरकवले. संध्याकाळचं ऊन आत आलं तसा सगळा प्रकार आणखीच केविलवाणा दिसायला लागला.

"तुमचं पोळलं म्हणून माझं बरं होणार आहे का?" आता तिचा आवाज चढला होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "आणि आता तुमच्या हाताला मलमही मीच लावू? बाजूला बसून फुंकर घालू?"

"मग मी काय करू? तूच सांग. भांडी नको म्हणालीस. थेंब पुसायला गेलो, पुसता येईना. बाई म्हणतात, सांगूही नका. काय करू मी?"

"काही करू नका!" ती खुर्चीत बसली. "तेच तर जमत नाही तुम्हाला. काही झालं की एक तर त्याचं चित्र करायचं, नाहीतर हे असलं सोंग. नुसतं वाईट वाटून घ्या की जरा. माणसं घेतात तसं. कुणाला न दाखवता."

तो तिच्यासमोर बसला. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती पिशवीतून डबा काढून धुवायला घेऊन गेली.

मग मास्तरने खरोखरच काही केलं नाही. रविवारी पडदे उघडे राहू लागले. भाजी चिरणं आणि फोडणीला टाकणं तो शिकला, सावकाश, बोट कापून घेत, आणि त्याबद्दल कुणाला काही बोलला नाही. लोक विचारत, नवीन काय चाललंय? तो म्हणे, काही नाही. त्यावरून 'मास्तर मोठ्या चिंतनात आहेत' अशी आवई उठली. नगरसभागृहाच्या रस्त्याने शाळा जवळ पडे. तो वळसा घालून जाऊ लागला. कधी चुकून त्या चौकात सापडला तर मान वर न करता पुढे जाई, बाजारात ओळखीचा सावकार दिसल्यासारखा.

असे महिने गेले. एका संध्याकाळी दोघं जेवत असताना बायको म्हणाली, "आज वाचनालयात मासिक आलं. मुखपृष्ठावर तुमचं चित्र आहे. म्हणजे मीच."

मास्तरचा घास हातात राहिला.

"एक आजोबा येतात रोज वर्तमानपत्रं वाचायला. त्यांनी मासिक उचललं, माझ्याकडे बघितलं, परत मासिकाकडे बघितलं. म्हणाले, या तुम्हीच का? म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय, चष्मा सारखा करून बघत बसले. आणि मग विचारलं, हे मेण हातावर पडलंय, ते दुखलं नाही का हो?"

तिने पाण्याचा घोट घेतला. मास्तरला वाटलं, ती आता हसेल. ती हसली नाही.

"बाकी इतक्या लोकांनी चित्र बघितलं," ती म्हणाली. "त्या थेंबाबद्दल कोण कोण काय काय बोललं. हे विचारणारे आजोबाच पहिले."

मास्तरने मनात मागे जाऊन शोधलं. त्या दुपारी नळापाशी, टॅक्सीत, या टेबलावर इतक्या संध्याकाळी. सांगायचं नाही का, म्हणून त्याने विचारलं होतं. खरं का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं होतं. मी काय करू, म्हणूनही विचारलं होतं. हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. त्याचा चेहरा शरमेने भाजून निघाला, आणि या वेळी ताटात बघावं असंही त्याला वाटेना.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"दुखलं म्हणून सांगितलं."

"खूप?"

तिने आठवून, नीट सांगावं तसा वेळ घेतला.

"पहिल्या थेंबालाच हात काढणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही बघितलंत. म्हटलं, आता म्हणतील, ठेव ती खाली. म्हणून थांबले. तुम्ही कधी म्हणता ते बघत थांबले. हाताचं काय, ते दोन दिवसांत थांबलं."

म्हणण्यासारखं सगळं पोकळ होतं, हे मास्तरला कळत होतं. बायकोने भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली. "आज बरी झालीय. मीठ तेवढं जास्त टाकलंत."